गावात एचआयव्ही, कावीळ आणि सिफिलिसचं तपासणी शिबिर घ्यायचंय? खान्देशासाठी टप्प्याटप्प्याने

खान्देशात शिबिरांची कमतरता नाही. जागतिक एड्स दिन, म्हणजे 1 डिसेंबर, जवळ आला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मंडप पडतात, बॅनर लागतात, रांगा लागतात आणि संध्याकाळी आकडा कळवला जातो. ज्याच्या किटवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे संसर्गाची शंका आली, तो पुढे कुठे गेला, औषधावर लागला की नाही, त्याच्या बायकोची तपासणी झाली का, हे विचारलं तर बहुतेक आयोजकांकडे उत्तर नसतं. चूक नीयतीची नाही, क्रमाची आहे. आपण आधी सुई टोचतो आणि नंतर वाट शोधतो. आधी वाट पक्की करायची आणि मग सुई हातात घ्यायची, असा क्रम हवा.

हा लेख आशाताई, गटप्रवर्तक, ग्रामपंचायत सदस्य, महाविद्यालयांचे एनएसएस विभाग, तरुण मंडळं आणि लहान संस्था यांच्यासाठी आहे. रक्त तपासणं हे तुमचं काम नाही, ते प्रशिक्षित माणसाचं आहे. बाकीचं जवळजवळ सगळं मात्र तुमच्या हातात आहे.

टप्पा 1: तारीख ठरवण्याआधी माणसं कुठे आहेत ते पाहा

सातपुड्यातल्या आणि साक्री-नवापूर पट्ट्यातल्या कितीतरी गावांतून दिवाळीनंतर जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे मधेच परतता येत नाही. अशा गावात 1 डिसेंबरला शिबिर घेतलं, तर समोर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं बसतात. ज्यांना खरी गरज आहे ती माणसं तेव्हा बारडोलीकडच्या पडावावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळावर, असतात.

धडगाव, अक्कलकुवा, शहादा आणि तळोद्याच्या डोंगराळ भागात होळीला माणूस घरी येतोच. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार) ते होळी हे दिवस पकडा, पण सणाचा दिवस टाळा. दारू आणि ढोल यांच्यामध्ये समुपदेशन होत नाही, आणि प्यालेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. होळी आटोपून लोक पुन्हा निघण्याआधी जे मोजके दिवस मिळतात, तेच खरे.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना भेटतात. ट्रकचालकांसाठी सकाळी दहाचं शिबिर निरुपयोगी आहे. गाडी संध्याकाळी ढाब्यावर लागते, तेव्हा गेलं पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांचीही वेळ वेगळी असते, ती गाडी भरून झाल्यावर सुरू होते. मजुराची मजुरी बुडवून तपासणीला बोलावू नका, तो येणार नाही.

तपासून घ्या: गावातल्या दोन दुकानदारांना आणि एका मुकादमाला विचारा, "माणसं गावात कधी असतात?" तिघांचं उत्तर एक आलं की तारीख ठरवा.

टप्पा 2: पुढची वाट कागदावर लिहा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. शिबिराच्या किमान तीन आठवडे आधी जिल्ह्याच्या एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला, म्हणजे ज्याला सगळे "डापकू" म्हणतात त्या कार्यालयाला, लेखी पत्र द्या. किट आणि समुपदेशक त्यांच्यामार्फतच मिळतात. बाजारातून किट विकत आणून स्वतः तपासणी सुरू करणं हा सेवाभाव नाही, धोका आहे.

मग एका कागदावर चार वाटा लिहा.

एचआयव्ही. शिबिरात एका किटवर होते ती फक्त प्राथमिक चाचणी. ती "रिअ‍ॅक्टिव्ह" आली म्हणजे निदान झालं असं नाही. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या झाल्यावरच निदान पक्कं होतं. पक्कं झालं की एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र. आज उपचार सुरू करायला सीडी-4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती घसरलं याची वाट पाहावी लागत नाही. निदान झालेल्या प्रत्येकाला गोळी मिळते आणि तीही मोफत. तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं आयसीटीसी कोणतं, एआरटी केंद्र कोणतं, एसटी कितीला सुटते आणि शेवटची परत कितीला आहे, हे सगळं कागदावर हवं. मोलगीच्या पुढच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाची परतीची गाडी चुकली तर तो दुसऱ्यांदा जाणार नाही.

कावीळ-ब आणि कावीळ-क (हिपॅटायटीस बी आणि सी). 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात यांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कावीळ-क साठी साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्या असतात आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच औषध देत नाहीत. आधी रक्तात विषाणू आत्ता आहे का हे आरएनए चाचणीने पाहावं लागतं, कारण काहींच्या शरीरातून तो आपोआप गेलेला असतो. कावीळ-ब चं वेगळं आहे. प्रत्येकाला औषध लागत नाही, पण यकृताची तपासणी नियमित लागते आणि घरातल्या माणसांना लस लागते.

सिफिलिस. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या या आजारावर पेनिसिलीनचं इंजेक्शन हा जुना आणि आजही उत्तम इलाज आहे. जलद चाचणीचा एक दोष ध्यानात ठेवा. पूर्वी उपचार होऊन बरा झालेला माणूसही तिच्यावर आयुष्यभर पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात पुढची रक्ततपासणी करून डॉक्टरच ठरवतील.

गुप्तरोगाची इतर लक्षणं. जखम, स्राव, जळजळ, ओटीपोटात दुखणं यासाठी सरकारी रुग्णालयांतलं "सुरक्षा क्लिनिक" आहे. तिथे लक्षणानुसार रंगीत किटमधली औषधं मिळतात आणि जोडीदारालाही दिली जातात. एकट्यानेच औषध घेतलं तर महिन्याभरात आजार पुन्हा घरात येतो.

तपासून घ्या: कागदावरच्या प्रत्येक केंद्रावर स्वतः जाऊन या. समुपदेशकाची खोली कुठे आहे, दारावर काय लिहिलंय, रांगेत उभ्या माणसाला व्हरांड्यातले सगळे पाहतात का, हे डोळ्यांनी पाहा. आपल्या माणसाला आपण कुठे पाठवतोय हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे.

टप्पा 3: जागा, नाव आणि भाषा

बॅनरवर "एड्स तपासणी शिबिर" असं लिहू नका. तसं लिहिलेल्या मंडपात शिरणं म्हणजे गावासमोर कबुली देण्यासारखं होतं. "आरोग्य तपासणी" असं नाव ठेवा आणि त्यात रक्तदाब, साखर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), क्षयरोगाची चौकशी हे सगळं खरोखर ठेवा. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी लोकांना तशीही हवी असते.

सावधान: नाव सर्वसाधारण ठेवलं म्हणून "साखरेसाठी रक्त घेतोय" असं सांगून त्याच थेंबावर एचआयव्हीची चाचणी उरकायची, हे कधीही चालणार नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 2017 सालचा आहे आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती लागते. ग्रामसभेत ठराव करून लग्नाआधीची तपासणी सक्तीची करायची टूम काही गावांत निघते. हेतू कितीही चांगला वाटो, ती सक्ती या कायद्यात बसत नाही. बचत गटाच्या बैठकीत "सगळ्या बायकांनी करून घ्या" असं अध्यक्षांनी म्हणणं हीसुद्धा सक्तीच आहे.

जागा अशी हवी की समुपदेशनाच्या खोलीला दोन दारं असतील, किंवा आत गेलेला माणूस किती वेळ बसला हे बाहेरच्यांना कळणार नाही. शाळेच्या दोन लागून असलेल्या खोल्या ग्रामपंचायतीच्या सभागृहापेक्षा बऱ्या. कापडी पडद्यामागे समुपदेशन करू नका. पडदा डोळे अडवतो, कान नाही.

भाषेचा विषय नेहमी शेवटी आठवतो, तो आधी घ्या. पाचोरा-अमळनेरकडे प्रमाण मराठीत विचारलेला प्रश्न माणूस "हो" म्हणून टाळतो, पण अहिराणीत "तुले तपासनी करनी शे का?" असं विचारलं की मोकळा होतो. धडगावात पावरी लागेल, नवापुरात मावची. दुभाषा नातेवाईक नसावा. नवऱ्याने बायकोचं भाषांतर करायचं हे तर अजिबात नको. बायकांसाठी त्यांची बोली बोलणारी बाईच हवी, आणि शक्य झालं तर दुसऱ्या गावची. गावातल्याच आशाताईवर कितीही विश्वास असला, तरी ती नात्यातली असते आणि लोक तिच्यासमोर बोलायला कचरतात. तिचं काम बोलावून आणण्याचं. आतल्या खोलीत ती नसलेली बरी.

टप्पा 4: सामान आणि सुरक्षा

किटची मुदत आणि तापमान पाहा. खोक्यावर कमाल तापमान छापलेलं असतं. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि गाडीच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त. डिकीत दोन तास राहिलेल्या किटच्या निकालावर विश्वास ठेवू नका. थंड पेटी वापरा. किट गारेगार असतील तर वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. निरोधांचंही तेच. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेलं पाकीट वाटू नका.

रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाचे कावीळ-ब लसीचे तीन डोस झालेले असावेत. मोठ्या माणसाला ते 0, 1 आणि 6 महिन्यांनी देतात, म्हणजे याची तयारी शिबिराच्या आठवड्यात होत नाही.

सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हातमोजे आणि प्लास्टिक लाल पिशवीत. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. हा कचरा ज्या आरोग्य केंद्रात जाणार, तिथली कबुली आधी घ्या. शाळेमागे खड्ड्यात जाळून टाकलेल्या सुया पुढे पोरांच्या पायात जातात.

सावधान: कोणाला वापरलेली सुई टोचली, तर जागा साबण आणि पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरीट किंवा ब्लीच ओतू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. एचआयव्ही रोखणारं औषध जमेल तितक्या लवकर, शक्यतो 2 तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि ते 28 दिवस घ्यायचं असतं. रात्री अकरा वाजता ते कोणत्या रुग्णालयात मिळतं, हेही टप्पा 2 च्या कागदावर असू द्या. हीच वेळमर्यादा लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीलाही लागू आहे, आणि हे गावात फार कमी लोकांना माहीत आहे.

टप्पा 5: शिबिराच्या दिवसाचा क्रम

1. नोंद. एचआयव्हीच्या नोंदीत क्रमांक वापरा. नावांची यादी मोकळ्या टेबलावर पडलेली नसावी. आधारची छायाचित्रं मोबाइलमध्ये काढणं बंद.

2. चाचणीआधीचं बोलणं, एकेकट्याशी. नीट बोलायचं तर माणशी पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे एक समुपदेशक दिवसाला वीस-पंचवीस माणसांना न्याय देऊ शकतो. दोनशे लोक बोलावले आणि समुपदेशक एकच असेल, तर बोलणं झालेलंच नाही असं समजा. मोठ्या आकड्यापेक्षा चाळीस माणसांचं नीट झालेलं शिबिर मला केव्हाही मोलाचं वाटतं.

3. या बोलण्यात एक प्रश्न न चुकता विचारायचा: "शेवटचा धोका कधी झाला?" जलद चाचणी शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी पाहते, विषाणू नाही. संसर्गानंतर त्या दिसायला वेळ लागतो. म्हणून मागच्या आठवड्यातल्या प्रसंगाची काळजी घेऊन आलेल्याला आजच्या "निगेटिव्ह"चा अर्थ सांगावा लागतो आणि 3 महिन्यांनी पुन्हा बोलवावं लागतं. तो प्रसंग 72 तासांच्या आतला असेल तर शिबिर सोडून त्याला थेट रुग्णालयात पाठवा.

4. संमती, मग रक्त. नाही म्हणणाऱ्याला का असं विचारू नका. त्याची साखर आणि रक्तदाब तपासा आणि आदराने पाठवा.

5. किटवर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. उशिरा वाचलेली फिकट रेघ फसवते. चहाला गेलेल्या तंत्रज्ञाने अर्ध्या तासाने वाचलेला निकाल रद्द करा आणि चाचणी पुन्हा करा.

6. निकाल त्याच खोलीत, त्याच समुपदेशकाकडून आणि सगळ्यांना सारखाच वेळ देऊन. निगेटिव्ह आलेल्यांना दारातूनच "जा, ठीक आहे" असं म्हटलं, तर आत बसवून ठेवलेल्याचं काय झालं ते बाहेर उभ्या सगळ्यांना कळतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक शिबिरात होते.

फोटो काढायचेच असतील तर उद्घाटनाचे काढा. रांगेचे नाहीत, खोलीचे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर "आज आपल्या गावात 3 पॉझिटिव्ह" असा संदेश गेला तर नाव न लिहिताही तीन घरं संध्याकाळपर्यंत ठरवली जातात. एखाद्याची एचआयव्ही स्थिती संमतीशिवाय उघड करायला कायद्याने मनाई आहे.

सावधान: तपासणी शिबिर आणि रक्तदान शिबिर एकाच दिवशी घेऊ नका. "रक्त दिलं की फुकटात तपासून मिळतं" या समजुतीने धोका पत्करलेला माणूस रक्त देऊन जातो. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ-ब, कावीळ-क, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासते, पण अगदी नवा संसर्ग निसटू शकतो. नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलांना वारंवार रक्त लागतं. ती पिशवी त्यांच्याकडेच जाते.

टप्पा 6: रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या माणसाबरोबर

"तुम्हाला एड्स आहे" हे वाक्य शिबिरात कोणीही उच्चारायचं नाही. "आणखी एक पक्की तपासणी लागेल, आपण गुरुवारी जाऊ" असं म्हणायचं. "आपण" हा शब्द महत्त्वाचा आहे. चिठ्ठी देऊन पाठवलेला माणूस घरीच थांबतो, सोबत नेलेला पोचतो. सोबतीला कोण जाणार, भाडं कोण देणार, हे शिबिराआधी ठरलेलं हवं. त्याने परवानगी दिली असेल तरच फोन करायचा, आणि फोन दुसऱ्याने उचलला तर "आरोग्य तपासणीचं विचारायचं होतं" एवढंच बोलायचं.

पहिल्या भेटीत फार सांगू नका. माणसाला त्या क्षणी अर्धं ऐकू येत नाही. गोळी मोफत आहे, ती रोज घेतली तर आयुष्य जवळजवळ इतरांसारखं जातं, रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. एवढ्या तीन गोष्टी पुरेत. 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक लिहून द्या, पण कागदावर "एड्स" छापलेलं नको.

जोडीदाराची आणि मुलांची तपासणी पक्क्या निदानानंतर, समुपदेशकामार्फत. घाईत सासूला सांगून टाकलेली बातमी सुनेला घराबाहेर काढते, आणि संसर्ग बहुतेक वेळा नवऱ्याकडून आलेला असतो.

गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नका. औषध वेळेवर सुरू झालं, प्रसूती रुग्णालयात झाली आणि बाळाला औषध मिळालं, तर बाळ सहसा संसर्गापासून वाचतं. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात आणि शेवटची 18 महिन्यांनी. सिफिलिससाठी पेनिसिलीन प्रसूतीच्या किमान 30 दिवस आधी मिळायला हवं. कावीळ-ब असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलीन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं. बाळंतपण माहेरी होणार असेल तर तिथल्या आरोग्य केंद्राला, तिच्या संमतीने, आधीच कळवा.

टप्पा 7: कावीळ म्हटल्यावर होणारा घोळ

आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, माळ आणि झाडपाला. कावीळ-ब किंवा क असलेल्या बहुतेकांचे डोळे वर्षानुवर्षं पिवळे होत नाहीत. त्यामुळे "मला कुठे कावीळ आहे?" म्हणत ते पुढच्या तपासणीला जात नाहीत. पाण्यातून येणारी कावीळ वेगळी आणि ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. माळेला श्रेय मिळतं ते त्यामुळेच. रक्तातून येणारी कावीळ यकृत आतून खात राहते. हा फरक प्रत्येकाला दोन वाक्यांत सांगा.

कावीळ-ब चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, किमान 7 दिवस जिवंत राहतो. म्हणून गावातल्या न्हाव्याच्या वस्तऱ्याचं पातं, यात्रेतल्या गोंदणाऱ्याची सुई आणि बोगस डॉक्टरची पुन्हा वापरलेली सिरिंज या तिन्हींकडे शिबिराआधीच जाऊन या. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा बाजारात गोंदून घेणाऱ्या पोरींना "गोंदू नका" म्हणून उपयोग नाही. "सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढायला लाव, शाईची वाटी वेगळी माग" हे सांगा. न्हाव्याला भाषण देण्यापेक्षा अर्ध्या पात्यांचं खोकं द्या.

टप्पा 8: नंतरचे सहा महिने

शिबिर संपल्यावर एका बंद कपाटातल्या वहीत फक्त क्रमांकांनी चार रकाने ठेवा: पक्की तपासणी झाली, उपचार सुरू झाले, जोडीदार तपासला, सहा महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती उरला याची तपासणी) झाला. रिकामा रकाना दिसला की त्या माणसाकडे समुपदेशकामार्फत पोचायचं. या वहीची चावी एकाकडेच असावी.

एसटीच्या प्रवास-सवलतींत एचआयव्हीबाधित आणि सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्हीबाधितांना जागा आहे. पण सवलतीचा कागद कंडक्टरला दाखवावा लागतो आणि निराधारची यादी गावात वाचली जाते. हे आधी सांगा, मग माणसाला ठरवू द्या. काही जण पदरचे पैसे मोडून जातात, त्यांना त्यावरून बोलू नका.

निरोध ठेवण्याची जागा बदला. ग्रामपंचायतीच्या कारकुनासमोर ठेवलेल्या पेटीतून कोणी घेत नाही. सार्वजनिक संडासाच्या आतल्या भिंतीवर, ढाब्याच्या न्हाणीघरात, केळीच्या गोदामाच्या मागच्या बाजूला ठेवलेली पेटी रिकामी होते. दर पंधरवड्याला ती भरायला एक माणूस नेमा.

शेवटचं काम ऊसतोडीला निघणाऱ्यांचं. औषधावर असलेला माणूस दिवाळीनंतर निघणार असेल, तर त्याला निघण्याआधी एआरटी केंद्रात न्या. प्रकृती स्थिर असेल तर अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, नाहीतर गुजरातेतल्या जवळच्या केंद्राचा पत्ता आणि हिरव्या पुस्तिकेची, म्हणजे रुग्णाच्या उपचार-नोंदीच्या वहीची, प्रत सोबत देता येते. पडावाचं गाव त्याला आधी माहीत नसतं, मुकादमाला माहीत असतं. मुकादमाला आजार सांगायचा नाही, फक्त गाव विचारायचं.